बेटावरून परतताना

देवावरचा माझा विश्वास त्या वर्षी पार उडाला होता. बायकोचा बारीक ताप सहा महिने हटेना. हकीमसाहेब म्हणाले, "हवापालट करा, समुद्राकाठी न्या." आम्ही शहागडची, निजामाच्या राज्यातली माणसं, समुद्र कुणी पाहिला होता! तरी आगगाडी, मोटार, घाट असं करत हिला कोकणात नेलं. डोंगर बघून ही हसली, समुद्र बघून तर हिनं लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. मला मात्र ते अफाट पाणी बघून धडकीच भरली.

किनाऱ्यासमोर एक छोटं बेट, त्यावर महादेव. मधली वाळू उघडी होती, म्हणून हिच्या हट्टापायी चालत गेलो. हिनं डोळे मिटून हात जोडले. मी पाठ फिरवून उभा. परत येताना ही म्हणाली, "अहो, पाणी वाढून राह्यलंय." मी उखडलोच. "गोदागंगेकाठी जन्म गेला माझा! आभाळात ढग न्हाई, मंग पाणी वाढंल कशानं?" भरती नावाची गोष्ट असते हे मला बिलकुल ठाऊक नव्हतं. अर्ध्या वाटेत पाणी कमरेला लागलं. कसेबसे एका खडकावर चढलो, तर खडकही बुडत चालला. ही थरथरत मला बिलगली होती. माझ्या शहाणपणापायी ही जाणार, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात एक म्हातारी कोळीण चिंचोळी होडी वल्हवत आली. "एकच मानूस मावंल. बाईला दे!" परकी बाई, हलती होडी, हिचा हात माझ्याच्यानं सुटेना. "सोड रे तिला! मी हाय ना!" म्हातारी ओरडली.

सोडला. होडी लांब गेली. छातीभर पाण्यात माझे हात आपोआप जोडले गेले. म्हटलं, महादेवा, ती आता तुझी. माझं काय करायचं ते तू बघ. आणि काय सांगू, भीती गेलीच. किती वेळ गेला कळलं नाही. म्हातारी मला न्यायला परत आली.

तिच्या झोपडीत ही चुलीशी बसून पेज पीत होती. "अजून थोडी द्या," म्हणाली. सहा महिन्यांत हिनं खायला मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून मी ढसाढसा रडलो. म्हातारीला विचारलं, तुम्ही त्या वेळी तिकडं कशा? "जालं अडकलेलं, ते काढाया," ती म्हणाली. आमच्यापायी ते जाळं मात्र तिथंच राहिलं होतं.

पुढं महिन्याभरात ताप उतरला. हवेनं की कशानं, मी वाद घालत नाही. मी घट्ट धरलं होतं तोवर ती बुडत होती. मी सोडलं, तेव्हा तिला कुणीतरी धरलं.