जाळाशी बसलेल्याचं अंडं

प्राची गेली त्या दिवशी गाडी बिल्डिंगच्या गेटातून निघाली, कुंडलिकेच्या पुलावर चढली आणि मी अलीकडं, अष्टमी गावाच्या बाजूला, रिक्षावाल्यांत उभा राहिलो. विमानतळापर्यंत जायला गाडीत मला जागा नव्हती. बॅगांना होती. नात जर्मनीला शिकायला निघाली. पुलावरून तिनं हात हलवला की नाही, माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. हलवला असं धरून चाललो.

पेणच्या खाडीकडचं आपलं गाव मी त्याच पावसाळ्यात सोडलं होतं. म्हणून हे गावात राहिलेल्यांना लिहितोय, आणि बाहेर गेलेत त्यांनाही. चौथीपर्यंतचं शिक्षण, चुकलंमाकलं चालवून घ्या. माझी बायको द्वारका गेली, तिचे दिवस झाले, आणि मुलगा म्हणाला, "आबा, एकट्यानं नाय राहायचं." टेम्पोत एक पेटी नि एक खाट. जन्म मिठागरात चिखल तुडवण्यात गेला आणि आता दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या पायाखाली दुसऱ्याचा पंखा फिरतो.

मुलाची कंपनीत शिफ्ट, सून शाळेत. दार ओढलं की आपोआप बंद होतं. मी खाली उतरलो की सून येईपर्यंत टपरीवर बसायचो. चावी मागितली नाही. पाहुण्यानं चावी मागायची नसते.

प्राचीला तिकडं कॉलेजनं एका घरी ठेवली. घरात एक म्हातारी नि तिचा कुत्रा, बस्स. पहिल्याच फोनला पोरगी नाचत होती. "आबा, ओमानं मला घराची चावी दिली! आजच!"

"ही ओमा कोण?"

"म्हणजे आजी. इकडं आजीला ओमाच म्हणतात."

"तुझी आजी मेली गो," मी म्हटलं.

सुनेनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

बोललो ते बोललो. पण का बोललो तेपण ऐका. द्वारकेनं या पोरीला गावी आमच्याकडं ठेवून अंगाखांद्यावर वाढवलं. तिची वेणी, तिचे ताप, तिची शाळेची पिशवी. आणि जिला आपली भाषा येत नाय, भात येत नाय, अशा बाईला पोरगी एका दिवसात आजी म्हणाली. चावीवर!

मग रोज ओमा. ओमानं स्वेटर दिला, ओमानं सायकल शिकवली. पोरीला ताप आला तर म्हातारी रात्रभर उशाशी बसली, आणि आम्हाला कळलं ताप उतरल्यावर. मी फोनवर यायचं बंद केलं. "झोपलोय म्हणून सांग," असं सुनेला सांगायचो, आणि खाटेवर पडून सगळं ऐकायचो.

आपला हसनमियाँ गावाहून भेटायला आला होता. त्याला सांगितलं तर हसायलाच लागला. "अरे, माझे दोन्ही पोरगे कुवेतला एका खोलीत आठ जणांत झोपतात. तुझ्या नातीला खोली हाय, सायकल हाय, कुत्रा हाय, आजीपण मिळाली. आणि तोंड तू पाडतोस?"

"तुझ्या पोरांनी तिकडं दुसरा बाप केला असता म्हणजे कळलं असतं," मी म्हटलं. त्यानं चहा संपवला आणि तो उठला.

थंडीत एका संध्याकाळी सून फोन घेऊन खोलीत आली. "उठा. तिला तुमच्याशीच बोलायचंय. पोपटी लावतेय."

पोपटी आपल्याला सांगायला नको. पण बाहेरच्या कुणी हे वाचलं तर म्हणून सांगतो. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा नि जाडं मीठ मडक्यात भरायचं, तोंड भांबुर्ड्याच्या पाल्यानं गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ घालायचा. आमच्या घरी जाळाशी मी. मडकं उघडलं की द्वारका पहिलं अंडं सोलून जाळाशी बसलेल्याला द्यायची. लग्न झाल्यापासून ते अंडं कधी चुकलं नाही. ती गेल्यावर मी मडक्याला हात लावला नव्हता.

फोनात बघतो तर बर्फ. बर्फात प्राची, आणि शेजारी उंच बूट घातलेली म्हातारी. मडकं तिचं, कोबी आंबवायचं.

"भांबुर्डा कुठून आणलास?"

"नाही मिळत. कोबीची पानं लावणार."

"कोबी? वास येणार का डोंबलाचा?"

तेवढ्यात म्हातारीनं मगभर पाणी मडक्यात ओतलं. मी खाटेवरून उठलोच. "पाणी नाय! तिला सांग, पाणी नाय घालायचं! शेंगा आपल्या वाफेवर शिजतात!"

प्राचीनं सांगितलं. म्हातारीनं मडकं पालथं करून स्वतःच्या गळ्यातल्या मफलरनं आतून पुसलं. मग शेकोटीशी जी बसली ती उठलीच नाय. धूर तोंडावर, गुडघे बर्फात. मी सांगेन तशी लाकडं सरकवत होती. शेवटी मी म्हटलं, मडक्यावर पाणी शिंपडून फोन जवळ धर. चर्र झालं, म्हणजे आत शिजलं.

"झाली. काढ."

पहिलं अंडं प्राचीनं सोललं. हातात धरून माझ्याकडं बघत बसली.

"बघतेस काय? जाळाशी कोण बसलं?"

"ओमा."

"मग दे तिला."

"पण आबा..."

"दे म्हटलं ना. थंड होतंय."

म्हातारीनं अख्खं तोंडात घातलं, भाजलं म्हणून हसली. मी खिडकीकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं नाय. द्वारकेनंतरचं पहिलं अंडं, आणि कुणाच्या तोंडात!

"ओमा विचारतेय, तुमच्या घरी आता कोण बसतं जाळाशी?"

"घर कुठाय मला?" मी म्हटलं.

सून दारातच उभी होती. फोन ठेवला तशी आत गेली आणि खुंटीवरची चावी आणून माझ्यासमोर धरली. लाल दोरा बांधलेला. "आलात त्या दिवसापासून तुमच्यासाठी टांगलीय. म्हटलं, मागाल."

"मागायची नसते. द्यायची असते."

"मग घ्या."

घेतली. परवा निडी गावाच्या बाजूनं भांबुर्डा आणला आणि गच्चीवर पोपटी लावली. खालून एक जण ओरडला, "आबा, धूर येतोय!" म्हटलं, धूर येतोय तर वर या, खायला मिळेल. पहिलं अंडं सुनेनं सोललं. तिला धड सोलता येत नाय, टरफल दाताखाली आलं. खाल्लं.

आता कुणी घर कुठं विचारलं की माझा हात खिशात जातो, लाल दोऱ्याकडं. प्राची, फोनवर येतो मी हल्ली, ओमा कशी हाय तेपण विचारतो. पण शिक्षण झालं की त्या म्हातारीची चावी तिच्या हातात परत देऊन ये गो. जवळ ठेवू नकोस.