दाखवाबाईंची खात्री

माझ्या बायकोला सगळी गल्ली दाखवाबाई म्हणते. ती नोटरी आहे. सही करायला आलेला माणूस खरंच तोच आहे, याची खात्री पटल्याशिवाय तिचा शिक्का उठत नाही. समोर कोणीही येवो, पहिला शब्द "कार्ड दाखवा". माझी सख्खी बहीण कार्ड विसरून आली, तर तिलाही परत पाठवलं. मी चिडलो. "नणंदेला मी ओळखते, नोटरी ओळखत नाही," म्हणाली. निवृत्त झाल्यापासून मी तिच्याच ऑफिसात कागद लावत बसतो, त्यामुळे हे सगळं रोज सोसावं लागतं.

पण त्या दिवशी जी धावपळ उडाली, ती काही विचारू नका!

तोंडाला रुमाल बांधलेला एक ट्रकवाला मेहुण्याबरोबर आला. आजारी बहिणीला तो आपली किडनी देणार होता. संमतीचा कागद दुपारपर्यंत हॉस्पिटलात पोचला नाही तर ऑपरेशन पुढे जाणार, आणि थांबण्याइतका वेळ बहिणीकडे नव्हता. हिनं रुमाल काढायला सांगितलं. गाडीला आग लागून चेहरा पार भाजलेला. कार्डावरच्या फोटोशी काही म्हणता काही जुळेना. मेहुणा शपथेवर सांगायला तयार होता, पण तो पडला पेशंटचा नवरा, त्याची साक्ष चालेना. माझं डोकंच फिरलं. तिकडे जीव जातोय आणि इकडे हिला नियम सुचतायत, असं मी तोंडावर बोललो.

ती ट्रकवाल्याकडे वळली. भाजण्याआधी इथलं कोण ओळखायचं, एवढंच त्याला विचारलं. कोपऱ्यावरचा न्हावी, तो म्हणाला. आता दाढीच येत नाही, म्हणून तिकडे जाणं सुटलं. न्हावी आमच्या चांगल्या ओळखीचा. "पळा," ती मला म्हणाली, "आणि यांचं नाव सांगितलंत तर बघा."

या वयात मी असा धावलो की एक चप्पल रस्त्यातच राहिली! गिऱ्हाईक अर्धवट भादरलेलं सोडून न्हावी कात्रीसकट आला. हिनं ट्रकवाल्याला दाराकडे पाठ करून बसवलं होतं आणि कार्ड स्वतःच्या मुठीत धरलं होतं. हे कोण, तिनं विचारलं.

न्हाव्यानं वाकून पाहिलं, कान जरा दुमडला. "हा आपला ट्रकवाला की! कानामागं चामखीळ, डोक्यात दोन भोवरे. भोवरे दोन, आणि अजून लग्न एकही नाही." मग त्यानं नाव-आडनाव सांगितलं. कार्डावर अगदी तेच! मी टाळीच वाजवली. तेवढ्यात न्हावी पुढे आला आणि त्यानं चेहरा पाहिला. ट्रकवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हिनं त्याचंही कार्ड पाहिलं, अर्थातच.

आता तरी शिक्का उचलेल म्हणावं, तर हिनं मेहुण्याला आणि न्हाव्याला बाहेर काढलं. कोणाची जबरदस्ती नाही ना, हे माणसाला एकट्यालाच विचारायचं असतं. मी कागद धरून कोपऱ्यात उभा.

"भाजल्यावर मला बघून आईसुद्धा दचकली होती," ट्रकवाला म्हणाला. "बहिणीनं दार उघडलं आणि म्हणाली, दादा, किती वाळलास रे. चेहऱ्याचं काही बोललीच नाही."

मी कागद पुढे ठेवला, त्यानं सही केली आणि हिनं शिक्का मारला. तिचे डोळे भरले होते. कागदावर थेंब पडायच्या आत मीच तो उचलला आणि त्याच्या हातात दिला.