फुटपाथवर पडलेला बंपर

आमच्या पत्रकाचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं: फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, कुणाच्या बापाचा नाही. आणि त्या दुपारी बिबवेवाडीच्या फुटपाथवर माझ्या बापाच्या गाडीचा बंपर पडला होता. मधोमध, पालथा.

एक आजी भाजीची पिशवी घेऊन आल्या. बंपरपाशी थांबल्या, माझ्याकडे बघितलं, साडी सावरली आणि रस्त्यावर उतरल्या. मागून टेम्पोनं कर्कश हॉर्न मारला.

"सॉरी आजी," मी म्हणाले.

"असू दे. सवय आहे."

चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मला ऐकून घ्यायचं होतं.

गॅरेज म्हणजे एका शटरची खोली. बाकी सगळं गॅरेज फुटपाथवर. गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑईल जळलं होतं. ते बदलून झालं होतं आणि आता ऑईल थंड ठेवायला एक जादा कूलर बसवायचा होता. ऑईल का जळलं? माझ्यामुळे. यात शोध घेण्यासारखं काही नाही. सगळ्यांना माहीत होतं, फक्त पप्पा ते बोलत नव्हते.

पप्पांचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. पायाला लोखंडी कॅलिपर लावून त्यांनी अख्खी नोकरी बसनं ये-जा करून केली. उंच पायरीवर एक पाय, दुसरा अजून रस्त्यावर, आणि कंडक्टरनं बेल मारलेली. किती वेळा पडले ते घरी सांगायचे नाहीत, पँट सांगायची. निवृत्त झाल्यावर ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. दर रविवारी ते स्वतः गाडी चालवत विहारात जातात आणि मुलांना गणित शिकवतात. आमची चळवळ खालच्या पायरीच्या बससाठी आणि मोकळ्या फुटपाथसाठी आहे. कोपरा सभेत मी घसा फोडते तेव्हा डोळ्यांसमोर कोण असतं, हे वेगळं सांगायला नको.

मोर्चा स्वारगेटवरून निघणार होता. ऐन मे महिना. स्पीकरचा टेम्पो आलाच नाही. पप्पा म्हणाले, "माझी गाडी घ्या." टपावर कर्णे बांधले, मागच्या सीटवर बॅटरी आणि पत्रकांचे गठ्ठे कोंबले. मी चालवायला बसले, ते शेजारी माईक घेऊन. माणसांच्या चालीनं गाडी पुढे, मागे मोर्चा. पप्पांचा आवाज कचेरीत वाचून दाखवायची सवय असलेला, एकेक अक्षर सुटं. लोक घोषणा उचलून धरत होते.

शनिवार पेठेत आल्यावर त्यांनी माईक खाली घेतला.

"काहीतरी जळतंय. थांबूया का?"

"पप्पा, मागे माणसं आहेत. थांबलो तर मोर्चा तुटेल."

थोड्या वेळानं पुन्हा, "वास वाढलाय गं."

"घोषणा द्या ना तुम्ही!"

त्यांनी दिल्या. मग डॅशबोर्डवर दिवा लागला. मग इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. पोरांनी ढकलून ती गल्लीच्या तोंडाशी लावली. पप्पा आतच बसून होते, मांडीवर माईक. मी त्यांना तिथं सोडून मोर्चाबरोबर पुढे गेले. निवेदन द्यायचं होतं ना!

त्यानंतरचे रविवार ते घरीच होते. कॅलिपर बघून रिक्षावाले नको म्हणून मान हलवायचे. मुलांची स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली होती. ते फोनवर गणितं सांगायचे, "अरे, छेद बघ आधी, छेद," आणि मी आतल्या खोलीत निषेधाचं पत्रक लिहीत बसायचे. कुणाचा निषेध? तर बससेवेचा.

गॅरेजवाला पक्का पुणेरी. पहिल्या दिवशीच म्हणाला होता, "ताई, गाडी चालवायला घेतली होती की मिरवायला? ऑटोमॅटिकला असं तासन्‌तास रांगवलं तर ऑईल उकळणार. वारा कुठून लागणार त्याला? नशीब काढलंत, गिअरबॉक्स वाचला." मग पप्पांकडे वळून, "काका, रोजच्या वापराला नव्या ऑईलवर भागतं. कूलर कशाला उगाच?"

"बसवा," पप्पा म्हणाले.

 मला वाटलं, माझ्यावर त्यांचा भरवसा उरला नाही. पोरगी पुन्हा गाडी जाळणार, म्हणून आधीच बंदोबस्त.

बंपर उतरवून गॅरेजवाल्यानं एसीच्या जाळीपुढं कूलर धरून बघितला. दिसायला लहानसा रेडिएटरच. प्लॅस्टिकचे पट्टे जाळीतून ओवून तो बांधायला लागला, तशी शेजारी स्टुलावर बसलेल्या पप्पांनी काठी उचलली.

"पट्टे नकोत. हादऱ्यानं घासून जाळीला भोक पडेल. लोखंडी पट्टी मारा."

"काका, सगळे असंच लावतात."

"म्हणूनच सांगतोय."

तो पुटपुटत पट्ट्या शोधायला आत गेला. परत आल्यावर उतरवलेले स्क्रू एका कागदावर मांडले. कागद आमचा, मागच्या सीटवरचा. "पत्रक छान आहे हं तुमचं," तो म्हणाला, "तेल पीत नाही."

माझं डोकं फिरलं. "हा फुटपाथ आहे, माहितीये ना?"

"माहितीये. आणि बंपर तुमचा आहे, तेही माहितीये."

मी बंपर उचलला आणि दोन्ही हातांनी धरून भिंतीशी उभी राहिले. लोक आता फुटपाथवरून जायला लागले. हात भरून आले. मुद्दाम तशीच उभी राहिले. पप्पा बराच वेळ बघत होते.

"शिक्षा चालू आहे का?"

मी बंपर आणखी वर धरला.

"भिंतीला टेकवून ठेवला तरी लोकांना जाता येतं."

टेकवला. जाता आलं.

रेडिएटरमधून गिअरबॉक्सकडे परतणारा पाईप तोडून ऑईलची वाट नव्या कूलरमधून वळवली, क्लॅम्प आवळले. इंजिन चालू करून गिअरचा दांडा सगळ्या खाचांतून फिरवला, ऑईल कमी झालं तेवढं भरलं. मग गॅरेजवाल्यानं सांध्यांखाली आमचंच एक पत्रक अंथरलं, थेंब पडतो का बघायला. आम्ही तिघंही वाकून त्या कागदाकडे बघत होतो. माझं पत्रक इतकं मन लावून कुणी पहिल्यांदाच बघत असेल. कोरडं राहिलं.

बंपर चढला. पप्पा म्हणाले, "चक्कर मारून येऊ," आणि गाडी सरळ स्वारगेटच्या संध्याकाळच्या गर्दीत घातली. मुद्दाम. गाडी रांगत होती, थांबत होती, पुन्हा रांगत होती. मी नाकानं वास घेत होते आणि डोळे त्या दिव्यावर. काही नाही.

तेव्हा मी घोकून ठेवलेलं बोलले. "पप्पा, पुढच्या मोर्चाला गाडी मागणार नाही. टेम्पो ठरवलाय. शब्द देते."

सिग्नल सुटला. त्यांनी गाडी पुढे घेतली.

"मग मी कुठे चालायचं?"

"म्हणजे?"

"कूलर काय मी रविवारच्या शिकवणीसाठी बसवला? तो म्हणाला ना, त्याला नुसतं ऑईल पुरलं असतं. आयुष्यभर मोर्चे बसस्टॉपवर उभं राहून बघितले मी. मला लांब चालवत नाही म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मोर्चात होतो."

इतके दिवस मी गिअरबॉक्ससाठी झुरत होते. ऑईलसाठी, चुकलेल्या रविवारांसाठी. गल्लीच्या तोंडाशी मी गाडी सोडून गेले नव्हते, मोर्चातला एक माणूस मागे सोडून गेले होते. मोर्चा तुटेल म्हणून न थांबणारी मी. तो तिथंच तुटला होता आणि मी वळूनही बघितलं नव्हतं.

"या वेळी चालवणार मी," पप्पा म्हणाले. "माईक तू धर. आणि मी थांबूया म्हटलं की थांबायचं."

"अख्खा मोर्चा कसा थांबवणार, पप्पा?"

तोंडातून निघून गेलं. त्यांनी ब्रेक दाबला आणि रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मागचा हॉर्न मारायला लागला तरी गाडी हलवली नाही.

"थांबवते," मी म्हणाले.

मग त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला.