तीनदा ‘आपत्ती’ म्हणायचं

वायरलेसच्या खात्यात तोतरा माणूस कसा काय, असं मला लोकांनी आयुष्यभर विचारलं. विचारताना तोंडावर हसू असायचंच. मी कधी उत्तर दिलं नाही, कारण माझं वाक्य संपेपर्यंत थांबायची कुणाची तयारी नसायची. लिहिताना कुणी मध्ये तोडत नाही, म्हणून आता सांगतो. वायरलेसचा संच दुरुस्त करायला जीभ लागत नाही, हात लागतात, आणि हात माझे चांगले होते. रेडिओ मेकॅनिकचा कोर्स करून मी कोल्हापुरात एका दुकानात लोकांचे ट्रान्झिस्टर उघडत बसायचो. ऐंशी साल उलटल्यावर एका साखर कारखान्यानं जीपगाड्यांत वायरलेस बसवायला काढले आणि तिथं माझी वर्णी लागली. कारखाना शहरापासून एस्टीनं तासाभरावर होता. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील आणि मला शिव्या देतील.

तोवर गळिताच्या दिवसांत सगळे निरोप सायकलवरून जायचे. कुठल्या रानात तोड संपली, कुठं ट्रॉल्या भरून उभ्या आहेत, कुठं रस्ता खचलाय, हे कारखान्यात कळेपर्यंत ऊस वाळायचा. आता चारदोन गावांचा ऊस सांभाळणाऱ्या प्रत्येक गट ऑफिसच्या जीपमध्ये संच आला, बॉनेटच्या बाजूला एरियल डुलायला लागली आणि ज्यांच्या जीपला एरियल नव्हती ते शेतकी खात्यातले लोक रुसून बसले. कारखान्यात कंट्रोल रूम होती. चॅनेल मात्र सगळ्यांत मिळून एकच, आणि तेही शेजारच्या दोन कारखान्यांबरोबर वाटून घेतलेलं. एकानं बटण दाबून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं की नुसती शिट्टी वाजायची आणि कुणाचंच काही कळायचं नाही.

पहिल्या हंगामात जो तो बटणावर बसला. ‘अर्जंट हाय, अर्जंट’ म्हणून ओरडायचं आणि मग डब्यात काय आहे ते विचारायचं. टायर पंक्चर झाला तरी अर्जंट, तंबाखू संपली तरी अर्जंट. एका गटातल्या साहेबांनी तर वडगावच्या बाजारातून कोंबडी आणायला अर्जंट सांगितलं. तेव्हा खरोखर कुणाचा जीव चालला असता, तर ते कुणाला कळलं नसतं. हे मात्र तिन्ही कारखान्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कोल्हापुरात एका हॉलवर बैठक बोलावली. चॅनेलवर कुणी आधी बोलायचं, काय शब्द वापरायचे आणि संकटाची हाक कशी द्यायची, याचे तिघांना बांधील असे नियम करायचे होते. संच विकणाऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर पुण्याहून आला होता. मला नेलं होतं ते संच उचलायला.

बैठकीत अक्कल होती, नव्हती असं म्हणणार नाही. अर्जंट हा शब्दच बाद करायचा असं ठरलं. त्याच्या जागी एकच शब्द, ‘आपत्ती’, आणि तो लागोपाठ तीनदा. तो तीनदा ऐकू आला की सगळ्यांनी बटणावरचं बोट काढायचं आणि कंट्रोलनं फक्त त्या गाडीशी बोलायचं. स्वच्छ तीनदा आला नाही, तर कंट्रोलनं दखल घ्यायची नाही, म्हणजे कोंबडीवाल्यांचं फावणार नाही. हे सगळं ठीकच होतं. मग तो पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, संचावर एक टोनचं बटण आहे, दाबलं की सगळीकडे टूं असा आवाज जातो. संकटासाठी तेच ठेवा, बोलायचीसुद्धा गरज नाही.

आमचे शेतकी अधिकारी अध्यक्षस्थानी होते. त्यांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

“टोनला आमच्यात चेअरमनसाहेब हाईत की,” ते म्हणाले.

आणि ते खरंच होतं. चेअरमनसाहेबांची जीप घरातून निघाली की त्यांचा ड्रायव्हर टोन दाबायचा. तो ऐकला की प्रत्येक गट ऑफिसात चहाचं आधण चढायचं, हार पाण्यातून निघायचा, खुर्चीवरचा टॉवेल बदलायचा. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण नियमापेक्षा पक्कं होतं. शेजारच्या दोघांनीही हे बघून आपापल्या चेअरमनसाठी टोन सुरू केला होता, दोनदा टूं झालं की एकाचा, तीनदा झालं की दुसऱ्याचा. तेव्हा टोन सोडायला तिघांपैकी कुणीच तयार नव्हतं.

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो. मला एवढंच सांगायचं होतं की टोन संकटाला ठेवा, चेअरमनसाहेबांसाठी हवं तर आपण शब्द शोधू. पण ‘टोन’मधला ट माझ्या टाळूला चिकटला तो निघेना. आधी मागच्या रांगेत कुणी तरी खुदकन हसलं. मग शेतकी अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

“अवो खरखर,” ते म्हणाले. कारखान्यात माझं नाव तेच होतं, खराब संचातून येते ती खरखर. “टोन ऱ्हाऊ द्या. आपत्ती म्हणून दाखवा की. तीनदा. आमास्नी तरी कळू दे, जमतंय का.”

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. मी ‘आ’ धरला आणि तो तसाच लांबत गेला. पहिली आपत्तीसुद्धा पुरी झाली नाही. शेजारच्या कारखान्याचा एक माणूस टेबलावर डोकं टेकून हसत होता. पुण्याचा इंजिनिअर खाली आपल्या बुटांकडं बघत राहिला. चांगला माणूस असावा, पण त्याच्या चांगुलपणाचा मला काडीचा उपयोग नव्हता. “बसा, बसा, ह्यांची आपत्ती उद्या सकाळपातूर येतीया,” असं शेतकी अधिकारी म्हणाले आणि नियम मंजूर झाला. त्यानंतर चहा आला. मी तो प्यायलो, याचा मला अजून राग येतो.

माझी जीभ म्हणजे आमच्या जीपचा ड्रायव्हर. जवळच्याच एका खेड्यातला, माझ्याहून लहान, गडगडाटी आवाजाचा. मी संच दुरुस्त केला की तो माइक घेऊन ‘वन टू थ्री, कंट्रोल, ऐकू येतंय का’ करायचा. मी त्याच्या खांद्याला बोट लावून सांगायचो, तो बोलायचा. हाच माणूस जेवायच्या सुट्टीत माझी नक्कल करून लोकांना हसवायचा, आणि ती इतकी हुबेहूब असायची की एकदा मलाही हसू आलं. तो कायम नव्हता. चार हंगाम हंगामी म्हणून काढले होते आणि कायम होण्यासाठी तो कुणाच्याही पाया पडायला तयार असायचा. मला तो आवडायचा की त्याचा मला राग यायचा, हे मी कधी नीट ठरवलं नाही.

त्या दुपारी आम्ही एका गटातला संच बदलून परत येत होतो. कालव्याच्या भरावावर एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन अडकला होता. मागची ट्रॉली भरावाच्या कडेला कलली होती. आमचा ड्रायव्हर उतरला आणि सवयीप्रमाणं हात हलवत, ओरडत, ट्रॅक्टरवाल्याला मागं घ्यायला सांगायला लागला. ट्रॉली मागं आली, थांबली आणि आडवी झाली. उसाच्या मोळ्या आणि ट्रॉलीची लोखंडी फळी त्याच्या पायावर आली. ट्रॅक्टरवाला उडी मारून रानातून जो पळाला तो पुन्हा दिसला नाही. भरावावर मी आणि तो, दोघंच उरलो.

मी फळी उचलायला गेलो. ती दहा माणसांनी हलली नसती. क्रेन आणि अँब्युलन्स कारखान्यात होती.

“वायरलेस!” तो ओरडला. “वायरलेस करा की! बोला!”

मी जीपमध्ये घुसून माइक उचलला. आणि तेव्हाच टोन वाजला. आमचा, एकच टूं. चेअरमनसाहेब निघाले होते. लगेच एकेक गट बोलायला लागला, रस्ता मोकळा हाय, पाणी मारलंय, मंडळी जमल्यात. मी मधल्या फटीत बटण दाबलं आणि ‘आ’ धरला. आ, आ, आ. बोट सुटलं की लगेच एक आवाज आला, “कोण रं त्यो? आ कर, पेढा घालतो.” दुसऱ्यानं माझी नक्कल केली. तिसरा म्हणाला, “खरखर हाय, बॅटरी उतरलीया त्येची.” कंट्रोल रूममधला ऑपरेटर गप्प होता. तो हसत नसेलही, पण त्याला नियम पाठ होता, आणि नियमाप्रमाणं मी अजून काही बोललोच नव्हतो.

मागं ड्रायव्हरचा आवाज बारीक होत चालला होता. “बोला वो,” म्हणत होता. आधी हुकमानं, मग विनवणीनं. मी पुन्हा बटण दाबलं. तोंड उघडं, मान ताठ, डोळ्यांतून पाणी, आणि घशातून एक अक्षर नाही. माझ्या जिभेची मला इतकी किळस कधीच आली नव्हती.

मग चेअरमनसाहेबांचा स्वतःचा आवाज आला. चहात साखर बेतानं घाला, डॉक्टरनं सांगितलंय, असं ते कुठल्या तरी गटाला सांगत होते. सावकाश, मजेत. त्यांनी बटण सोडलं आणि माझं तोंड सुटलं.

शिव्या माझ्या कधीच अडकत नाहीत. का ते ठाऊक नाही, पण आमच्या पेठेत हे पोराटोरांनाही माहीत होतं. म्हणून तर मला चिडवायचे. “ए चेअरमन, भाड्या,” मी म्हणालो, “च्या ढोसतोस व्हय रं? हितं माणूस मराय लागलाय, मुडद्या!” पुढचं सगळं लिहीत नाही. त्यांच्या आईपासून सुरुवात केली, घराण्यातलं कुणी सोडलं नाही, आणि त्या शिव्यांच्या अधेमधे कालवा, भराव, ट्रॉली, पाय, क्रेन हे सगळे शब्द सुळसुळीत निघाले. एकही अडखळला नाही. मी बटण सोडलं तेव्हा चॅनेलवर असा शुकशुकाट होता, जसा त्या नियमानं व्हायला हवा होता. तिन्ही कारखान्यांतलं एकही बोट बटणावर नव्हतं.

“कुठला भराव?” कंट्रोलनं विचारलं. मी तेही शिवीसकट सांगितलं.

क्रेन आली, अँब्युलन्स आली. कोल्हापूरला नेऊन त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आणखी उशीर झाला असता तर रक्त जाऊन तो तिथंच गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. आनंदानं रडलो, हेही सांगतो, कारण पुढं कारखान्यानं मला त्या आनंदाची लाज वाटायला लावली.

तो कुबड्या घेऊन उभा राहायला लागला, तेव्हा चौकशी बसली. चौकशी ट्रॉलीची नव्हती, माझी होती. चेअरमनसाहेब तावातावानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी मऊ बोलले. “माझं काय न्हाय हो. मी रांगडा माणूस. पण शेजारच्या दोन कारखान्यांनी ऐकलं. खुर्चीचा मान हाय का न्हाय?” शेतकी अधिकाऱ्यांनी मान डोलावली. मग त्यांनी ड्रायव्हरला आत बोलावलं. दारापासून खुर्चीपर्यंत यायला त्याला वेळ लागला आणि त्याला हात द्यायला कुणी उठलं नाही. मी उठलो, तर मला बसवलं.

“ह्यांनी आपत्ती हा शब्द तीनदा उच्चारला काय?”

“न्हाय.”

“एकदा तरी?”

“न्हाय.”

“चेअरमनसाहेबांस्नी शिव्या दिल्या?”

“व्हय.”

त्याला कुणी विचारलं नाही की त्या शिव्यांमुळं तू वाचलास काय. त्यानंही आपणहून सांगितलं नाही. ज्या आवाजानं तो माझ्या वतीनं सगळ्या तालुक्याशी बोलायचा, त्या आवाजात एवढे तीन शब्द बोलून तो गप्प बसला. मी त्याच्याकडं बघत होतो आणि तो कुबडीच्या रबराकडं.

मला काढून टाकलं. नियमांत एक भर पडली: ज्याच्या उच्चारात दोष आहे त्यानं माइक हातात घेऊ नये. टोन होता तसाच राहिला.

बाहेर आवारात तो गुळाच्या भेलीसारखा एका बाकावर बसून होता. माझी वाट बघत होता हे उघड होतं. मी सरळ एस्टीच्या थांब्याकडं निघालो होतो, पण त्यानं हाक मारली.

“मला गेटवर घेत्यात,” तो म्हणाला. “कायम. बसून काम.” मग कुबडी जवळ ओढून, “पाय गेला वो. नोकरी तरी ऱ्हाऊ दे की मला.”

नीट बोलता आलं असतं तरी बोललो नसतो. त्याला दोन पोरं होती, बायको पोटुशी होती, हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी त्या बाकासमोर उभं असताना मला स्वच्छ वाटलं की त्या दुपारी मी माइक खाली ठेवायला हवा होता. अजूनही कधीकधी वाटतं.