मेंढरं बसतात तिथं घर

मुंजाबाच्या घराण्यात घराची जागा माणूस निवडत नसे, मेंढरं निवडत. दिवस कलला की कळप मोकळा सोडायचा आणि म्हातारी मेंढी पाय दुमडून बसेल तिथं चूल मांडायची. शेंद्र्याजवळ नदीकाठी त्याच्या आज्यानं अशीच जागा धरली होती. पाणी तिथवर कधी चढलं नव्हतं. मुंजाबाचं सारं आयुष्य त्या काठावर, मेंढरांच्या उबेत, अर्धं जागेपणी अन् अर्धं झोपेत गेलं. नदीही त्याला थोराड मेंढीसारखीच वाटे. उठली तरी सावकाश उठणारी.

भोवतालच्या माळावर मग कारखाने उगवले. इकडं कुडाच्या घराला वाळवी लागली. मुंजाबानं तिथंच पक्कं घर बांधायचं ठरवलं, दगड आणून टाकले. पण त्याची बायको बानाबाई काही पाया खणू देईना.

"आवं, पहिलं डोंगराकडं ढग वाजला की भाकरी थापून, खाऊन व्हायच्या, मग पाणी यायचं. आता पीठ मळून होत नाय तर काठाला लागतंय."

"नदी तीच हाय की."

"नदी तीच. पर पाणी प्यायला माळ कुठं राहिलाय? सारं पत्र्यावरनं, डांबरावरनं पळत येतंय."

"मेंढरापरीस तुला लई कळतं व्हय?"

"कारखाने काय मेंढरांना इचारून बांधलेत?"

मुंजाबा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या अंगाला सर पडली. इथं ऊन होतं. उन्हातच तांबडं पाणी आलं, फेस घेऊन, कुणाचा तरी थर्माकोलचा डबा घेऊन. आज्याच्या जागेवर बसलेली म्हातारी मेंढी उठून उभी राहिली. पाण्यानं तिची बसायची जागा भिजवली अन् जसं आलं तसं ओसरलं.

दुसऱ्या दिवशी सांजेला त्यानं कळप वरच्या मुरमाड टेकाडावर नेला. मेंढरं बसेनात. नदीकडं तोंडं करून नुसती उभी राहिली. खाली धुकं साचत होतं. कारखान्यांचे दिवे त्यात विरघळत होते, अन् जुना काठ स्वप्नात दिसावा तसा दूर दिसत होता. मुंजाबानं घोंगडी अंथरली आणि स्वतःच बसला.

"टोचतंय का?" बानाबाईनं विचारलं.

"टोचू दे."

बराच वेळ गेला. म्हातारी मेंढी जवळ आली, घोंगडी हुंगली, अन् हळूच पाय दुमडून त्याच्या पाठीला टेकून बसली. चुलीसाठी तीन दगड शोधायला बानाबाई टेकाडावर वाकून फिरू लागली.