पद्माबाईंची बोधगयेची चौकशी

कुरुंद्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई पद्माबाई पाईकराव यांना प्रश्न विचारायची सवय होती, आणि ती गावाला पहिल्याच दिवशी कळली. बदली होऊन आल्या तेव्हा सामान बैलगाडीतच ठेवून त्या आधी पाणवठ्यावर गेल्या. चैत्रात कोणती विहीर आटते, कोणत्या पाण्यानं लेकरांना हगवण लागते, हे चार बायांना विचारलं आणि मगच घर पसंत केलं. बाया मागून हसल्या. पण त्या साली उन्हाळ्यात पाईकरावांच्या घरात कुणी आजारी पडलं नाही, हेही त्यांनीच एकमेकींना सांगितलं.

घरात चार माणसं. नवरा तातेराव गावातल्याच शाळेत गुरुजी. नऊ वर्षांची सुजाता. आणि तातेरावांची आई सखुबाई, माहेर सेनगावकडचं साखरा. सखुबाईंनी दीक्षा घेतली त्या वर्षापासून त्यांच्या मनात एकच इच्छा होती, ज्या झाडाखाली बुद्धाला ज्ञान झालं ते झाड डोळ्यांनी पाहायची. कॅलेंडरवरचं बोधीवृक्षाचं चित्र कापून त्यांनी भिंतीला चिकटवलं होतं. चित्राचा हिरवा रंग उडून पिवळा झाला तरी त्यांनी ते काढलं नाही.

१९७४ सालच्या माघात बातमी आली की कळमनुरीचे अमृतराव बावीस माणसं घेऊन वैशाखी पौर्णिमेला बोधगयेला निघणार आहेत. तातेरावांनी त्याच दिवशी चार नावं देऊन टाकली. शाळेला सुट्टी, सोबतीला आपली माणसं, पुढं चालणारा अनुभवी माणूस, आणखी काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सखुबाईंनी नऊवारी धुऊन घडी घालून ठेवली.

पद्माबाईंना मात्र दवाखान्यात आलेलं एक परिपत्रक आठवत होतं. बिहारमध्ये देवीच्या रोगाची साथ आहे, तिकडून येणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवावं, एवढंच त्यात होतं. किती आहे, कुठं आहे, बोधगयेपासून किती कोसांवर आहे, यातलं काहीच नव्हतं. आणि तेच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

त्यांनी सुजाताची एक अर्धवट भरलेली वही घेतली आणि विचारायला सुरुवात केली. बिहारचं नाव काढलं की प्रत्येकाकडं सांगायला काहीतरी असायचंच. किराणा दुकानदार म्हणाला, तिकडं रेल्वेत दरोडे पडतात. तलाठी म्हणाले, पाण्यातच विष आहे. शाळेतले दुसरे गुरुजी म्हणाले, तिथले टांगेवाले बायामाणसांना भलतीकडंच नेतात. पद्माबाई ऐकून घ्यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "तुमी सोता पाह्यलं का?" मग कळायचं की दुकानदाराला ते अकोल्याच्या माणसानं सांगितलेलं, त्याला त्याच्या मेहुण्यानं, आणि मेहुणा कधी भुसावळच्या पुढं गेलाच नव्हता. त्यांना याची गंमत वाटू लागली. भीती एवढ्या लांबून येते आणि वाटेत कुणीच तिला थांबवून तिचं गाव विचारत नाही.

स्वतः पाहून आलेला पहिला माणूस भेटला तो उत्तमसिंग. नांदेडचा हा ट्रकवाला कुरुंद्यातून हळद न्यायचा. मार्चअखेर तो घरच्यांना घेऊन पाटण्याच्या गुरुद्वाऱ्याला जाऊन आला होता. हळदीची पोती ट्रकवर चढत होती तेवढ्यात पद्माबाईंनी त्याला गाठलं. त्यांनी दरोड्यांचं विचारलं तर तो हसला. टांगेवाल्यांचं विचारलं तर म्हणाला, नांदेडचे तरी कोणते देवमाणूस आहेत. देवीचं विचारल्यावर मात्र त्याचा आवाज खाली आला.

"बहनजी, रस्त्याच्या कडेला गावं लागत होती. कितीतरी दारांवर लिंबाचे डहाळे टांगलेले. एका गावात तर मोजताना बायको रडायलाच लागली. मग आमी गाडी थांबवलीच न्हाई."

कडुलिंबाचा डहाळा दाराला म्हणजे आत देवीचा रोगी, हे पद्माबाईंना सांगायची गरज नव्हती. पाटण्यात विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलेलं, दुकानं जळालेली, हेही त्यानं पाहिलं होतं. पण गयेकडं तो गेला नव्हता. पद्माबाईंनी वहीत तसंच लिहिलं.

मग त्यांनी एक जोडकार्ड आणलं, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड सोबत असलेलं. तातेरावांचं हिंदी चांगलं, म्हणून त्यांच्याकडून लिहून घेतलं. पत्ता घातला, सरकारी दवाखाना, बोधगया. माझी सासू, मुलगी आणि आम्ही दोघं येणार आहोत, मागच्या महिन्यात तुमच्याकडं देवीचे रोगी किती आले आणि कोणत्या गावांतून आले, एवढं कृपा करून कळवा. तातेराव लिहिता लिहिता म्हणाले की असं पत्र आजवर कुणी कुणाला लिहिलं नसेल. तरी अक्षर मात्र त्यांनी वळणदार काढलं.

उत्तराची वाट बघताना पद्माबाई घरातल्यांचे दंड तपासायला बसल्या. तातेरावांच्या दंडावर लशीचा वण होता, सुजाताच्या होता, स्वतःच्या तर दोन होते. सखुबाईंनी हात पुढं केला नाही. आपल्याला लहानपणी देवी येऊन गेल्या, आता पुन्हा येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. एकदा देवी येऊन गेलेल्याला पुन्हा सहसा येत नाहीत, हे खरं होतं. पण देवी येऊन गेल्या तर तोंडावर वण राहतात. पद्माबाईंनी त्या दिवशी सासूच्या डोक्याला तेल लावता लावता कपाळ, गाल, मान, सगळं बारकाईनं पाहिलं. कातडी सुरकुतलेली होती, पण वण एकही नव्हता. म्हातारी खोटं कशासाठी बोलत असेल, एवढाच प्रश्न घेऊन त्या उठल्या.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी एका दिवशी आल्या. वर्तमानपत्रात गयेला आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची बातमी, आणि बोधगयेचं कार्ड. खाली सही होती रामखेलावन, कंपाउंडर. त्यानं लिहिलं होतं की आसपासच्या सात गावांत रोग आहे, बाजारात रोगी फिरताना दिसतात, यात्रेला येणारे धर्मशाळेत दाटीवाटीनं झोपतात. लहान मूल आणि लस न घेतलेलं म्हातारं माणूस आत्ता आणू नये. पावसाळ्यानंतर पुन्हा विचारावं.

पद्माबाईंनी कार्ड तातेरावांपुढं ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि अमृतरावांकडं घेऊन गेले. अमृतराव म्हणाले की आपण आजवर ज्याला त्याला भिऊनच जगलो, आता निदान बुद्धाच्या दारी जाताना तरी भिऊ नये. हे बोलणं तातेरावांच्या मनाला लागलं. घरी येऊन त्यांनी तेच बायकोला ऐकवलं.

"भेव आन चौकशी येकच हाय का?" पद्माबाई म्हणाल्या. "तुमाला जायचं तर जा, तुमच्या दंडावर वण हाय. मी लेकराला आन आत्याबाईला आत्ता नेत न्हाई."

तातेराव गेले नाहीत. पण पंधरा दिवस जेवताना मान खाली घालून जेवले. सखुबाईंनी नऊवारी परत पेटीत ठेवली आणि सुनेशी कामापुरतंच बोलू लागल्या. पौर्णिमेच्या दिवशी त्या घरात मेणबत्ती लावून एकट्याच बसून राहिल्या.

पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. अमृतरावांची माणसं गयेतच अडकली. मे संपता संपता ती परत आली, उन्हानं रापलेली, वाळलेली, पण सगळीच्या सगळी. देवी कुणालाच आल्या नाहीत. अमृतराव कुरुंद्याला येऊन ओसरीवर बसले आणि पद्माबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय झालं सांगा? काही झालं का?"

 पद्माबाईंनी बरेच दिवस यावर विचार केला. आपलं चुकलं का? बावीस माणसं गेली आणि बावीस आली, हे तर खरंच होतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी दुसऱ्या कुणा बाईनं मानापायी केली नसती. आलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या त्यांना विचारत बसल्या. झाड कसं आहे, आधी हे विचारलं, कारण तेही त्यांना खरंच ऐकायचं होतं. मग कुठं झोपलात, पाणी कुठलं प्यालात. त्यातल्या रुक्माबाईंनी आवाज लहान करून सांगितलं की धर्मशाळेत शेजारच्या खोलीला डहाळा होता. अमृतराव स्वतः रात्रभर दाराशी बसून होते, कुणाला तिकडं जाऊ दिलं नाही, आणि गावाकडं कुणाला सांगू नका म्हणाले होते. पद्माबाईंचा अमृतरावांवरचा राग तिथंच निम्मा उतरला. हा माणूस भ्यालाही होता आणि जागलाही होता. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, तातेरावांनाही नाही.

श्रावणात एका दुपारी सखुबाई आपण होऊन सुनेजवळ येऊन बसल्या. लसूण सोलायला घेतला. मग म्हणाल्या की मला देवी कधीच आल्या नव्हत्या. साखऱ्याला निजामाच्या काळात देवी टोचणारा माणूस शिपाई घेऊन यायचा. आईनं धाकट्या सखूला ज्वारीच्या पेवात लपवलं, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात. थोरली बहीण गंगू सापडली आणि तिला टोचलं. आठ दिवसांत गंगूला देवी आल्या आणि तिचे दोन्ही डोळे गेले. त्या सुईनंच गंगूला देवी दिल्या, असं आई मरेपर्यंत म्हणायची. सखुबाईंनी आयुष्यभर ती सुई टाळली होती. नर्सबाईची सासू असून भ्यावं, याची लाज वाटून त्या खोटं बोलल्या होत्या.

पद्माबाईंनी लगेच काही समजावलं नाही. त्यांनी विचारलं, त्या वेळी गावात आणखी कुणाला देवी होत्या का. सखुबाईंनी आठवून आठवून सांगितलं, वरच्या आळीत तिघांना, सुई यायच्या आधीपासून. गंगू त्यांच्याकडं खेळायला जायची.

"मंग ती गंगूच्या अंगात आधीच शिरली असंल, आत्याबाई. सुई उशिरा आली."

सखुबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. "आन आमी त्या माणसाला जल्मभर शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी लुगड्याचा पदर मागं सारला आणि दंड उघडा केला. पद्माबाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन, दोन टोकांच्या बारीक सुईनं टोचलं. आठव्या दिवशी फोड भरला, दोन दिवस ताप आला. खपली पडली तेव्हा सखुबाईंनी ती शेजारणीला नेऊन दाखवली.

पद्माबाईंनी दसऱ्याला दुसरं जोडकार्ड पाठवलं. रामखेलावनचं उत्तर या वेळी लवकर आलं. आसपास दोन महिन्यांत नवा रोगी नाही, पाणी उकळून प्यावं, खोली स्वतंत्र घ्यावी. मोर्चे आणि बंद मात्र चालू आहेत, ते कधी होतील हे इथं राहणाऱ्यालाही कळत नाही, त्याची हमी मी देऊ शकत नाही. पद्माबाईंना हे शेवटचं वाक्य फार आवडलं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिणारा माणूस बाकीचंही खरंच लिहीत असणार, असं त्यांनी तातेरावांना सांगितलं. तातेरावांनी त्याच दिवशी रजेचा अर्ज खरडला.

दिवाळीच्या सुट्टीत चौघं वसमत स्टेशनावरून निघाले. अकोल्याला गाडी बदलली, भुसावळला बदलली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गयेला उतरले, तर स्टेशनाबाहेर एकही टांगा नव्हता. बंद होता. तातेराव म्हणाले, सात-आठ मैल तर आहे, चालत जाऊ. पद्माबाईंनी हमालाला विचारलं. वाटेत दगड टाकलेत, पोलीस फिरतात, उद्या सकाळी रस्ता उघडेल, असं तो म्हणाला. तुम्ही तुमच्या बायकोला आज नेलं असतं का, असंही त्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली. मग तातेराव वळकटी खाली ठेवून स्वतःच बसले.

तो दिवस त्यांनी बायांच्या प्रतीक्षालयात आणि फलाटावर काढला. दुपारी एक मुलगी कागद घेऊन फिरत आली, प्रवाशांचे लशीचे वण पाहत. तिची हिंदी सखुबाईंना कळली नाही, पण काम कळलं. तिनं विचारायच्या आत त्यांनी बाही वर करून वण दाखवला आणि ती पुढं गेली तरी बाही खाली केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते बोधगयेला पोचले. झाडापाशी सखुबाई किती वेळ बसल्या, काय बोलल्या, हे कुणाला कळलं नाही. तातेरावांना रडू येत होतं म्हणून ते लांब उभे होते. पद्माबाई मात्र मधल्या वेळात दवाखाना शोधून रामखेलावनला भेटून आल्या. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. तो म्हणाला की एप्रिलमध्ये त्याला सगळ्या देशातून असं एकच पत्र आलं होतं. त्यानं ते साहेबांना दाखवलं, दुसऱ्या कंपाउंडरांना दाखवलं, घरी बायकोला वाचून दाखवलं. मग त्यानं विचारलं, तुमच्या गावाला साप फार आहेत का, माझा भाऊ नोकरीसाठी नांदेडला येणार आहे. पद्माबाई अर्धा तास बसून त्याला सापांबद्दल, पाण्याबद्दल आणि उन्हाबद्दल, माहीत होतं तेवढं सांगत राहिल्या.

संध्याकाळी चौघं नदीवर गेले. नदी म्हणजे अर्धी रेतीच होती. सखुबाई थबकल्या, मग चपला काढून रेतीत उतरल्या आणि दोन्ही हातांनी खड्डा करू लागल्या. गावाकडं कयाधू नदीत उन्हाळ्यात पाण्यासाठी झिरा काढतात तसा. सुजाता त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसली. हातभर खाली गेल्यावर रेती ओली झाली, मग तळाशी गढूळ पाणी साचलं आणि हळूहळू निवळू लागलं. ते पूर्ण निवळेपर्यंत दोघी त्याच्याकडं पाहत बसल्या.