बटण जरा वर

गिझर घ्यायचा ठरला तेव्हा नवरा म्हणाला, तुम्ही दोघी बघून घ्या. दोघी म्हणजे मी आणि सासूबाई. बघून मी एकटीनेच घेतलं.

नाहूरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये लग्नापासून अंघोळीचं पाणी गॅसवर तापायचं, आणि गॅस सासूबाईंच्या ताब्यात. पहिलं पातेलं सासऱ्यांचं, मग लेकाचं, मग त्यांचं स्वतःचं. माझी पाळी आली की गॅस बंद. "गरम पाणी कित्याक व्हया तुका? विसण उरलाहा, त्यातच न्हा." कढत पाण्यात गार पाणी घालतात ते विसण. माझ्या बादलीत नुसतं विसणच. थंडीत मी दात वाजवत बाहेर यायचे. सासरे बिचारे विचारायचे, पाणी गार होतं काय गं? सासूबाई माझ्याकडे बघत उभ्या असायच्या. मी म्हणायचे, "नाही, विसण जरा जास्त पडलं." त्या खोट्याचा राग मला अजून आहे, आणि तो माझ्यावर नाही.

वर माझ्या उंचीला नावं ठेवायच्या. ताडमाड सून, पंखा पुसायला बरी, असं पाहुण्यांपुढेही.

लगेच तापणारा छोटा गिझर घेतला असता तरी भागलं असतं. मी टाकीचा मोठा घेतला, कारण त्याला मोरीत एकच जागा होती. दारावरच्या फळीची. तिथे सासूबाईंच्या माहेरचा तांब्याचा बंब बसलेला, या घरात कधी न पेटलेला, दर दिवाळीला चिंचेने घासलेला. फळी काढली, बंब पलंगाखाली गेला.

बटण कुठे लावू, असं इलेक्ट्रिशियनने विचारलं. खांद्याच्या उंचीवर लावतात म्हणाला. मी म्हटलं, जरा वर घ्या, पाणी उडतं. त्याने खूण केली. म्हटलं, अजून वर. शेवटी मी हात ताणून भिंतीला बोट टेकवलं आणि म्हटलं, इथे. मोरीबाहेरच्या बोळात स्टूल मावत नाही आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना चढणं झेपत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सासरे आता नाहीत. नवरा सकाळीच पवईला कामाला जातो. मग घरात आम्ही दोघी. सासूबाई मोरीच्या दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, वायच बटण लाव गे. मी हातातली भाजी चिरून होईपर्यंत ऐकायचेच नाही. मग जाऊन सहज हात वर करायचे. असा जीव गार व्हायचा माझा, काय सांगू.

या थंडीत एका सकाळी त्यांनी मागितलंच नाही. मोरीत तांब्या-बादलीचे आवाज येत होते. मी वर बघितलं, बटणाचा दिवा बंद होता. त्या बाहेर आल्या तेव्हा हनुवटी थडथडत होती, पदर गच्च आवळलेला.

"पाणी गार होतं का?" मी विचारलं.

"नाय गे," त्या म्हणाल्या. "विसण वायच जास्त पडला."

माझंच वाक्य. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. मी आलं किसून त्यांना चहा करून दिला, आणि त्या कप धरून ऊब घेत बसल्या.

बटण आहे तिथेच आहे.